बारा वर्षांचा गुरू, तेरा वर्षांचा मुलगा

मराठीत बारा वर्षांच्या कालखंडाला 'तप' असा शब्द आहे. जुना स्नेही भेटला की "एक तप लोटले हो" असे आपण सहज म्हणून जातो. आकाशातील गुरूला राशिचक्राची एक फेरी पुरी करण्यास अकरा वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात, म्हणजे जवळजवळ एक तप. तो सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरी सिंहस्थ भरतो. श्रवणबेळगोळ येथील भगवान बाहुबलींचा महामस्तकाभिषेकही साधारण एका तपाच्या अंतराने होतो. २००६ नंतर तो २०१८ मध्ये झाला. याच हिशेबाने आपल्या घरातील मूल सहावी-सातवीत पोहोचते तेव्हा त्याच्या जन्मकाळचा गुरू प्रथमच आपल्या मूळ जागी परतलेला असतो.

पुढे दोन-अडीच वर्षांनी शनीची पाळी येते. शनीची पूर्ण फेरी साडेएकोणतीस वर्षांची. म्हणून पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो जन्मस्थानाच्या बरोबर समोर येऊन उभा राहतो. राहू-केतूंची फेरी अठरा वर्षे सात महिन्यांची असल्याने त्यांची अर्धी फेरी नवव्या वर्षानंतर लवकरच संपते. पाश्चात्त्य ज्योतिषी वाढत्या वयाच्या पायऱ्या या फेऱ्यांवरून मोजतात. आपल्याकडे विंशोत्तरी दशा आणि गोचर पाहण्याची रीत आहे. पद्धत कोणतीही असो, नऊ ते पंधरा या वयात पत्रिकेत काही ना काही घडत असतेच. आणि त्याच वयात घरातही पुष्कळ काही घडत असते. कालपर्यंत दुकानातून परतलेल्या वडिलांच्या गळ्यात पडणारा मुलगा आता खोलीचे दार लावून बसतो. मुलगी आरशासमोर तासभर उभी राहते आणि एका शब्दावरून रडू लागते. गुण घसरतात. मग कोणीतरी सुचवते, "एकदा पत्रिका दाखवून घ्या." वाचकांपैकी अनेकांच्या घरी गेल्या वर्षभरात अशी पत्रिका उघडली गेली असेल. तिच्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

पत्रिकेची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नव्हे. आमच्या घरी पंचांग येते आणि वाचले जाते. बँकेत असताना आमचे कित्येक खातेदार कर्जाचा धनादेश लाभ किंवा अमृत चौघडियातच हाती घेत. त्यांना अर्धा तास थांबावयाचे असे, मी थांबू देत असे. त्याने बँकेचे काही बिघडत नव्हते आणि त्यांच्या मनाला उभारी येत होती. परंतु चौघडिया पाहून उघडलेल्या दुकानाला कान नसतात. तेरा वर्षांच्या मुलाला असतात, आणि या वयात ते फार तिखट असतात.

आता थोडे गणित करू. जून २०१३ ते जून २०१४ या वर्षभरात गुरू मिथुन राशीत होता. त्या काळात जन्मलेली मुले आज सहावी-सातवीत आहेत. गेल्या मे महिन्याच्या मध्यास गुरू पुन्हा मिथुनेत आला. म्हणजे चाळीस मुलांच्या एका वर्गातील बहुतेकांचा गुरू एकाच वेळी घरी परतला आहे. पहिल्या बाकावरील हुशार मुलाचा आणि शेवटच्या बाकावरील खोडकराचाही. शनीचे तर याहून गमतीचे आहे. ऑगस्ट २०१२ ते ऑक्टोबर २०१४ या काळात शनी तुळेत, म्हणजे आपल्या उच्च राशीत होता. "चिरंजीवांचा शनी उच्चीचा आहे, मोठा कारभार सांभाळतील" हे ऐकून पित्याला समाधान वाटते. वाटावे. पण चिरंजीवांच्या शेजारी बसणारा, त्यांना कबड्डीत पाडणारा आणि त्यांच्या डब्यातील खाकरा पळवणारा जो मित्र, त्याचाही शनी उच्चीचाच असतो. सगळ्या खात्यांवर जी रक्कम सारखीच जमा होते, तिच्यावरून एका खात्याची पत ठरवता येत नाही, हे व्यापारी मंडळींना मी वेगळे सांगावयास नको.

यावर जाणता ज्योतिषी म्हणेल की, राशी एक असली तरी लग्न, स्थान, दृष्टी आणि दशा प्रत्येकाच्या वेगळ्या असतात. त्याच्या शास्त्राच्या रीतीने हे म्हणणे बरोबर आहे. अडचण अशी की, इतके बारीक काही घरापर्यंत पोहोचत नाही. घरी पोहोचतो एक शब्द. साडेसाती, किंवा राहू, किंवा मंगळ.

साडेसाती चंद्रराशीवरून ठरते. शनी चंद्रराशीच्या मागील राशीत, त्या राशीत आणि पुढील राशीत असेपर्यंत ती मानतात. म्हणजे कोणत्याही क्षणी बारांपैकी तीन राशी तिच्या छायेत असतात. चाळिसांच्या वर्गात सरासरीने दहा मुले. चौथ्या आणि आठव्या शनीची अडीचकी धरली तर आणखी दोन राशी वाढतात, एकूण पाच. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या व बाराव्या स्थानचा मंगळ दोषाचा मानतात. तेथेही बारांत पाच. ढोबळ हिशेबाने शनी आणि मंगळ या दोहोंतूनही सुटणारी मुले चाळिसांत तेरा-चौदा उरतात. त्यांच्यासाठी राहू आहेच.

मेष राशीचे उदाहरण घ्या. मार्च २०२५ च्या अखेरीस शनी मीनेत गेला आणि मेष राशीच्या लोकांची साडेसाती सुरू झाली. ती २०३२ च्या मध्यास संपेल. या राशीचा जो मुलगा गेल्या वर्षी बारा वर्षांचा होता, तो तेव्हा एकोणीस वर्षांचा असेल. त्याचा आवाज फुटणे, मिसरूड येणे, उलट उत्तरे, दहावीची धास्ती, बारावीचा निकाल, महाविद्यालयात रुळणे हे सारे या साडेसात वर्षांत येऊन जाईल. एकोणिसाव्या वर्षी तो समजूतदार होईल, आईला औषधे आणून देईल, वडिलांशी धंद्याची गोष्ट बोलेल. घरात म्हणतील, नीलम लाभला. शेजारच्या घरातील ज्या मुलाला साडेसाती नव्हती, तोही त्याच वर्षांत तसाच बिथरला आणि तसाच निवळला, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नसते.

इथवर हिशेबाची गंमत झाली. पण कधी कधी या एका शब्दाची किंमत मुलाला मोजावी लागते, आणि ती गंमत राहत नाही.

तालुक्याच्या गावी शाखेत असताना कापडाचे एक व्यापारी आमचे जुने खातेदार होते. सचोटीचे गृहस्थ, हप्ता कधी चुकला नाही. त्यांची मुलगी आठवीत होती. वर्गात पहिल्या पाचांत असणारी ही मुलगी एकाएकी मागे पडली. शाळेतून येऊन दुपारी झोपे ती दिवेलागणीलाच उठे. जिना चढताना दमे. चिडचिड करी. एके दिवशी शेठजी माझ्यासमोर बसून म्हणाले, "साहेब, पोरीला शनी लागलाय. अकरा शनिवार सांगितलेत." मुलगी गुणी, तिने शनिवारचे उपवास मनापासून धरले. आठव्या की नवव्या शनिवारी ती शाळेच्या मैदानावर चक्कर येऊन पडली. तेथून तिला दवाखान्यात नेले आणि रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन साडेसात निघाले. पाळी सुरू होऊन वर्ष झाले होते, रक्तस्राव पुष्कळ होत होता, आणि हे तिने संकोचाने आईलाही नीट सांगितले नव्हते. घरात ती आळशी, शनीच्या फेऱ्यातील मुलगी ठरली होती, विचारणारच कोण? लोहाच्या गोळ्या, वेळेवर जेवण आणि डॉक्टरांची देखरेख यांनी चार महिन्यांत ती पूर्ववत झाली. शनी तोवर त्याच राशीत होता.

ही एखाददुसऱ्या घरची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्ताल्पता आढळली. दहांमध्ये सहा! आपल्यासारख्या शुद्ध शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीवही लपलेली असू शकते, विशेषतः मुलांनी दूध-दही टाळण्यास सुरुवात केली असेल तर. थकवा, हातापायांना मुंग्या, लक्ष न लागणे ही तिची लक्षणे. ती पाहून घरात "अभ्यासात मन नाही" असा शेरा बसतो. पुष्कराज घ्यावयाचा असेल तर खुशाल घ्या. माझी विनंती इतकीच की रक्ततपासणी त्याआधी करा. तिचा खर्च अंगठीच्या सोन्याच्या घडणावळीहूनही कमी येतो.

मुलांच्या झोपेविषयीही असाच गैरसमज आहे. तेरा-चौदाव्या वर्षी शरीरातील झोपेचे घड्याळ आपोआप पुढे सरकते; रात्री झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव या वयात उशिरा सुरू होतो. म्हणून दहाला आडवे झालेले मूल अकरापर्यंत तळमळते आणि सकाळी सहाला उठवताना जड होते. या वयाला आठ ते दहा तासांची झोप लागते. ज्या घरात आजोबा पहाटे चारला उठून सामायिक करतात, तेथे सातला डोळे चोळीत येणारा नातू आळशी वाटणे स्वाभाविक आहे. (मोबाइल उशाशी घेऊन रात्री एकपर्यंत जागणाऱ्याचे समर्थन मी करीत नाही, तो प्रकार वेगळा, आणि त्याचा उपाय ज्योतिषापाशी नसून घरातील चार्जर कोठे ठेवावा या निर्णयात आहे.) वाढीच्या उसळीचेही तसेच. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्या वर्षाच्या. सहावी-सातवीच्या वर्गात मुली मुलांपेक्षा डोकाभर उंच दिसतात त्या यामुळे. बुटका राहिलेला मुलगा मनात कुढत असतो आणि आपण त्याच्या कुढण्याला राहूचे नाव देतो.

या नावांचा दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. नात्यातील एका मुलाला सहामाहीत गणिताचा पेपर अवघड गेला होता. मी विचारले, "काय रे, सराव कमी पडला का?" तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, माझी साडेसाती चालू आहे ना. आत्ता काही होणार नाही." त्याच्या आवाजात खंत नव्हती, पळवाटही नव्हती. वडीलधाऱ्यांनी जेवणाच्या टेबलावर जे बोललेले त्याने ऐकले, ते त्याने खरे मानले आणि त्यानुसार नियोजन केले. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर त्याने सात वर्षांचे कर्ज आगाऊच बुडीत खाती टाकले होते. त्याच्या आईवडिलांनी हे शब्द त्याच्याविषयीच्या काळजीने उच्चारले होते, हे मला ठाऊक आहे. काळजीचेच शब्द मुलांच्या मनात सर्वांत खोल जातात. पत्रिका दाखवावयाची असेल तर मुलाच्या पाठीमागे दाखवावी, आणि तिच्यात जे निघेल ते मोठ्यांनी आपल्यापाशी ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या परंपरेने या बाबतीत एक फार समतोल विचार सांगून ठेवला आहे. कोणतेही कार्य घडण्यास पाच कारणे लागतात: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. आचार्य सिद्धसेन दिवाकरांनी 'सन्मतितर्क' या ग्रंथात म्हटले आहे की, यांपैकी एकालाच सर्वस्व मानणे हे मिथ्यात्व आणि सर्वांचा मेळ धरणे हे सम्यक्त्व. पाठशाळेत हा पाच समवायांचा धडा आपण सर्वांनी घोकला आहे. ग्रह-नक्षत्रांच्या भ्रमणाने काळाचे विभाग होतात, हे तत्त्वार्थसूत्रातही आले आहे. म्हणजे ग्रहांचा संबंध फार तर पहिल्या कारणाशी. मग तेरा वर्षांच्या मुलाविषयी बोलताना उरलेली चार आपण कोठे ठेवतो? त्याच्या वयाचा स्वभाव आहे. त्याची जन्मजात घडण आहे. आणि त्याचा स्वतःचा पुरुषार्थ आहे, ज्याला कोवळ्या वयातच "आत्ता काही होणार नाही" असे सांगून आपण निवृत्त करून टाकतो. मला साठाव्या वर्षी निवृत्त केले गेले, तेही मला पुरते रुचले नव्हते.

ग्रह आणि तेरा वर्षांचे वय यांची गाठ एके ठिकाणी फार सुंदर रीतीने पडलेली आहे. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावी केशव दैवज्ञ नावाचे ज्योतिर्विद होऊन गेले. जुन्या ग्रंथांतून निघणारी ग्रहांची स्थिती आणि प्रत्यक्ष आकाशात दिसणारी स्थिती यांत अंतर पडते, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिले. त्यांचा मुलगा गणेश. त्याच्या 'ग्रहलाघव' या ग्रंथातील गणना १५२० सालापासून आरंभ होते आणि त्याचा जन्म १५०७ चा मानतात. त्यामुळे हा ग्रंथ त्याने तेराव्या वर्षी रचला अशी परंपरा आहे. ज्या-कोटिज्यांची किचकट गणिते टाळून ग्रह काढण्याची सोपी रीत त्याने दिली, आणि पुढे शतकानुशतके आपल्याकडील पंचांगे त्या ग्रंथावरून तयार होत राहिली. केशव दैवज्ञांच्या घरी फलज्योतिष नव्हते असे नाही. मुहूर्ताचे ग्रंथही याच घराण्यात झाले. पण त्या मुलाच्या वाट्याला शनी आला तो मोजण्याचा, ताडून पाहण्याचा विषय म्हणून.

आपल्या मुलांच्या हाती असे काही देता येईल का, याचा विचार मी माझ्या जुन्या पेशाच्या अंगाने करतो. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खाते उघडता व चालवता येते. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने यासंबंधीच्या सूचना नव्याने दिल्या. व्यवहाराची मर्यादा ज्या त्या बँकेने ठरवावयाची, आणि शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढता येत नाही. आपल्या समाजात मुलांच्या नावाने ठेवी पुष्कळ असतात, पण त्या वडील चालवतात. मुलाला पावतीचा रंगही ठाऊक नसतो. त्याला रांगेत उभे राहू द्यावे, पैसे भरण्याची चिठ्ठी लिहू द्यावी. या वयात मुलांची सही दर सहा महिन्यांनी बदलते आणि काउंटरवरील कर्मचारी कावतो, हे मी अनुभवाने जाणतो. त्याने कावावे. सही घट्ट होण्याचे तेच वय आहे. सुटीत दुकानी नेले तर गल्ल्यावर नुसते बसवून ठेवण्यापेक्षा एका दिवसाचा रोजमेळ त्याच्याकडून लिहवून घ्यावा. पन्नास रुपयांचा फरक आला तर संध्याकाळी तो त्यालाच शोधू द्यावा. आपण शोधून देण्याची घाई करू नये, जरी आपल्याला तो पहिल्याच पानावर दिसत असला तरी.

आणि त्याला गच्चीवर न्यावे. या जानेवारीत अंधार पडल्यावर पूर्वेकडे जो सर्वांत ठळक, स्थिर तेजाचा गोल वर येताना दिसतो, तो गुरू. १० जानेवारीला तो सूर्याच्या बरोबर समोर येत असल्याने रात्रभर दिसेल. त्याच्याजवळच पुनर्वसूचे दोन तारे आहेत. साधी दुर्बीण असेल आणि ती कठड्यावर टेकवून स्थिर धरली तर गुरूच्या दोन्ही बाजूंस त्याचे चंद्र ठिपक्यांसारखे एका ओळीत दिसतात. शनी त्याच वेळी पश्चिमेकडे असेल, फिकट पिवळसर, मुळीच भयंकर नसलेला. ऑक्टोबरात गुरू कर्केत डोकावला होता, नंतर वक्री होऊन डिसेंबरात मिथुनेत परतला. ग्रह मागे जातो म्हणजे काय, हे मुलगा विचारीलच. सांगावे की गुरू मागे जात नाही. आपली पृथ्वी आतल्या कक्षेतून वेगाने त्याला ओलांडून जाते, म्हणून आपल्याला तो मागे सरकल्यासारखा दिसतो. आगगाडी शेजारच्या गाडीला मागे टाकते तेव्हा दिसते तसे. एका वहीत तारीख घालून पुनर्वसूचे दोन तारे आणि गुरूची जागा त्याच्याकडून काढून घ्यावी. पुढच्या जानेवारीत तीच वही उघडली तर गुरू एका राशीहून अधिक पुढे गेलेला दिसेल. त्याच पानावर मुलाची उंचीही लिहून ठेवता येईल.